परक्या मातीवरचा झेंडू

नवरात्र बसलं की मंगळवार बाजाराच्या तोंडाशी झेंडूचे ढीग पडायला लागतात. आधी गोणीत दाबून आणलेला, मग ताडपत्रीवर ओतलेला, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर जागा मिळेल तिथं पसरलेला. पिवळा कमी, केशरी जास्त. माणसं वाकून ओंजळीनं उचलतात, तराजूत टाकतात, पुढं जातात. झेंडू कुणी नाकाशी नेऊन हुंगत नाही. त्याचा वास कडवट, ओलसर, पाल्यासारखा. हाताला लागला की दोनदा साबण लावावा लागतो.

त्या दिवसांत मी त्या वाटेनं जात नाही. घरी झेंडू बायको आणते, तोरण ती ओवते, आणि दारावर लावायला स्टुलावरही तीच चढते. तिला वाटतं, अप्पांच्या आठवणीनं मला त्रास होतो. अप्पा दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी गेले, त्यामुळं तिचं चूक नाही. पण ते निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं मी सात वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. यंदा सांगावं लागलं.

सात वर्षांपूर्वी मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो आणि पुण्यातल्या एका कारखान्यात यंत्रं बसवण्याचं काम करत होतो. त्यांनी मला सहा आठवड्यांसाठी मेक्सिकोला पाठवलं, प्वेब्ला नावाच्या शहरात. तोवर मी विमानात एकदाच बसलो होतो, तेही हैदराबादपर्यंत. निघताना अप्पांच्या पाया पडलो तेव्हा ते म्हणाले, “कामाला चाललास न्हवं? मग जा की. कामाला जाणाऱ्याला काय भ्या?”

अप्पा सोलापुरात मिलमध्ये विणकर होते. भोंगा व्हायच्या आधी अर्धा तास फाटकाशी उभे राहणारे. आजोबांना माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पाळीवर हजर होते, आणि ही गोष्ट ते सांगायचे तेव्हा त्यांच्या आवाजात दुःख नसायचं, अभिमान असायचा. मिल बंद पडली, भोंगा थांबला, तरी त्याच वेळेला उठून अंघोळ करून, लिंगपूजा करून, घडी घातलेला शर्ट अंगात चढवून ते बाजेवर बसून राहत. आमच्या घरात काम ही एकच गोष्ट अशी होती, की जिच्यासाठी काहीही चुकवलं तरी माफ असे. मी हे लहानपणीच शिकलो होतो. त्याचा उपयोग पुढं कसा करीन, हे तेवढं ठाऊक नव्हतं.

प्वेब्लात मी एका बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहत होतो. साठीच्या होत्या. सगळे त्यांना दोन्या लुपे म्हणत; आपण नावापुढं बाई लावतो तसं तिथं नावाआधी दोन्या लावतात. त्यांच्या गच्चीवरून ज्वालामुखीचा डोंगर दिसायचा. कधी कधी त्याच्या माथ्यातून धुराची बारीक रेघ निघालेली असायची आणि खाली बायका निवांत कपडे वाळत घालत असायच्या. सकाळी जाग यायची ती थापण्याच्या आवाजानं. मक्याच्या पिठाचा गोळा दोन्या लुपे दोन्ही तळव्यांत घेऊन थापायच्या, उलटसुलट करायच्या, आणि मातीच्या सपाट तव्यावर टाकायच्या. पहिल्या दिवशी मी पांघरुणातच डोळे मिटून पडून राहिलो. अव्वा, म्हणजे माझी आई, जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. तिची ज्वारीची भाकरी याहून मोठी आणि याहून पातळ, पण हाताचा आवाज तोच.

काम ठरल्यापेक्षा आठ दिवस आधी संपलं. मी तेव्हाच परत येऊ शकत होतो. साहेबांना फोन करून मी आठ दिवसांची रजा घेतली आणि तिकीट होतं तसंच ठेवलं. घरी मात्र काम संपल्याचं कळवलं नाही. बायकोलाही नाही. का, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलंय. लपवण्यासारखं काहीच नव्हतं. पण “फिरायला थांबलोय” हे वाक्य आमच्या घरात आजवर कुणी उच्चारलेलं नव्हतं, आणि मला ते उच्चारता आलं नाही.

ते पहिले दिवस मी कसे विसरू? चोलुला नावाच्या गावात एका टेकडीवर चर्च आहे, पिवळ्या भिंतींचं. आणि ती टेकडी मुळी टेकडी नाहीच, जुन्या लोकांचं मातीत बुडालेलं प्रचंड देऊळ आहे. मी दुपारभर तिच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. गल्ल्यांतून रंगीत कागदाच्या कातरलेल्या पताका ओढलेल्या. वारा आला की पावसाच्या सरीसारखा आवाज करायच्या. बेकऱ्यांमधून संत्र्याच्या सालीचा वास येणारा गोल पाव, वर हाडांसारख्या कणकेच्या पट्ट्या. साखरेच्या कवट्या, कपाळावर नावं लिहिलेल्या, आणि त्या चोखत शाळेतून घरी निघालेल्या मुली. मिरची आणि चॉकलेट एकत्र शिजवलेली काळी आमटी मी पहिल्यांदा भीतभीत चाखली आणि मग वाडगा पुसून खाल्ला. मिरची, शेंगदाणे आणि लसूण तेलात परतून केलेली एक चटणी होती; पहिला घास घेतला आणि सोलापूरच्या शेंगाचटणीनं माझ्या डोळ्यांत पाणी आणलं. दोन्या लुपे घाबरल्या. त्यांना वाटलं तिखट लागलं.

आणि झेंडू. शहराबाहेर शेतंच्या शेतं झेंडूची. हे फूल आपल्याकडं तिथूनच आलं म्हणतात. मला वाटायचं, झेंडू म्हणजे आपलाच. म्हशीच्या शिंगांचा, ट्रकच्या बॉनेटचा, यंत्राच्या पूजेचा. तिथं तो मेलेल्यांचा आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेली माणसं घरी येतात असं ती मंडळी मानतात, आणि त्यांना वाट सापडावी म्हणून दारापासून आतपर्यंत झेंडूच्या पाकळ्या टाकतात. वासावरून येतात, म्हणे. बांधावर उभा राहून मी ते ऐकत होतो. मनात आलं, किती छान. तेवढंच आलं. घरी एक म्हातारा दम्यानं वाकला आहे, हे आलं नाही.

मी मजा केली. हे वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली. कुठं वेळेवर पोचायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही, असा मी आयुष्यात पहिल्यांदाच चाललो, आणि माझी पावलं मला हलकी वाटली.

रजेच्या तिसऱ्या दिवशी दोन्या लुपे आणि त्यांच्या बहिणीनं मला मेक्सिको शहराजवळच्या सोचिमिल्कोला नेलं. तिथं जुने कालवे आहेत आणि त्यांत सपाट तळाच्या रंगीत होड्या. मागं उभा राहून नावाडी लांब काठीनं ढकलत नेतो. होडीच्या कमानीवर फुलं, मधोमध लांब टेबल, दोन्ही बाजूंना खुर्च्या, जत्राच पाण्यावर. एक बाई आपली छोटी होडी खेटून आणते आणि लिंबू-तिखट लावलेली कणसं विकते. वाजंत्र्यांची होडी वेगळी. ती येऊन चिकटली आणि कर्णे, व्हायोलिनं सुरू झाली. बहिणीनं माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली, डोक्यावर गवती टोपी ठेवली, आणि माझ्याच फोनवर माझा फोटो काढला. मी कणीस खात हसत होतो. तिनं फोन परत हातात दिला आणि मिनिटाभरात तो वाजला.

माझा धाकटा भाऊ मल्लिनाथ. सोलापुरात बाळीवेशीत त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, आणि अप्पा त्याच्याकडंच राहत होते.

“अण्णा, कुठं हायस?”

“कामावर.”

“अप्पांना ॲडमिट केलंय. दम लई लागलाय. डॉक्टर म्हणालेत, लांबच्यांना बोलावून घ्या. निघतोस का?”

कर्णा माझ्या कानापासून हातभर अंतरावर होता.

“मल्लू, ट्रायल चालू हाय. आठ दिवस तरी जमणार न्हाय.”

“कसला आवाज हाय तो? लग्न हाय का काय तितं?”

“कँटीनमधला रेडिओ.”

“थांब, अप्पांना देतो.”

मग धाप ऐकू आली. शब्द बऱ्याच वेळानं आले. “कामावर हायस न्हवं?”

“व्हय, अप्पा.”

“मग सोडून येऊ नको. आटपूनच ये.”

फोन बंद झाल्यावर दोन्या लुपेंनी खुणेनं विचारलं, कोण? आमचं सगळं बोलणं फोनमधल्या भाषांतरावर चालायचं. मी लिहिलं, भाऊ. सगळं ठीक आहे. त्यांनी माझ्या हातात दुसरं कणीस दिलं, आणि मी ते खाल्लं.

त्याच दिवशी निघालो असतो तर पोचलो असतो. अप्पा आणखी तीन दिवस होते.

दोन नोव्हेंबरच्या सकाळी मी दोन्या लुपेंबरोबर त्यांच्या गावच्या दफनभूमीत गेलो. मला ते बघायचं होतं. पर्यटकाला हवंच असतं. आत पाऊल ठेवलं आणि सगळीकडं केशरी. माणसं आपापल्या कबरींवर बादलीनं पाणी ओतून घासत होती, पाकळ्यांची नक्षी काढत होती, शेजारी चटया टाकून जेवत होती. कुणी सिगारेट पेटवून दगडावर ठेवली होती, कुणी कपभर कॉफी. मला हे परकं वाटलं नाही. आमच्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. हातात इष्टलिंग देऊन, बसलेलं, पुरतात. सात पिढ्यांची मातीच आहे आमच्याकडं. पण त्या मातीपाशी चटई टाकून आम्ही कधी बसलो नाही.

दोन्या लुपे एकेका दगडाला हात लावून ओळख करून देत होत्या. ही आई. हा काका. ही मोठी बहीण, पाळण्यातच गेली. हिला मी पाहिलंही नाही, त्या म्हणाल्या, पण हिची जागा मला आईनं बोट धरून दाखवली. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. मल्लूचा निरोप होता: अप्पा गेले. उद्या सकाळी माती. तुझ्यानं होणार न्हाय, जिवाला लावून घेऊ नको.

माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. त्यांनी मला त्यांच्या आईच्या कबरीच्या कडेवर बसवलं आणि फोनमध्ये बोलल्या. भाषांतर उमटलं: तुझ्या वडिलांना काय आवडायचं?

मी म्हणालो, शेंगदाण्याची चटणी.

त्यांनी डब्यातून ती मिरची-शेंगदाण्याची चटणी चमचाभर काढली, भाकरीवर ठेवली, आणि आपल्या आईच्या शेजारी थोडी जागा करून तिथं मांडली. भोवती पाकळ्या टाकल्या. माझ्या वडिलांसाठी पहिला घास काढला तो एका परक्या बाईनं, परक्या मातीवर. आणि मी त्यांचा थोरला मुलगा, गळ्यात कॅमेरा अडकवून शेजारी बसलो होतो.

परत आलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मल्लूनं मला बारीकसारीक सांगितलं: कसं बसवलं, तळहातावर लिंग कसं ठेवलं, भस्म किती, बेल किती, पहिली मूठ कुणी टाकली. “तुझ्या नावाची मूठ मीच टाकली,” म्हणाला. आणि मग, “दवाखान्यात सगळ्या नर्सना सांगत होते बघ. माझा थोरला परदेशात कामावर हाय. मीच येऊ नको म्हणलो.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण अप्पांनी जाताना जी एक गोष्ट अभिमानानं बरोबर नेली ती खोटी होती, हे कोणत्या तोंडानं सांगू? पहिल्या वर्षी नाही सांगितलं. दुसऱ्या वर्षापासून ते सांगण्यासारखं राहिलं नाही. दर पुण्यस्मरणाला जेवणं झाली की मल्लू जमलेल्या पोरांना ही गोष्ट सांगायचा: अप्पा कसे होते, आणि अण्णा कसा त्यांच्या शब्दाला जागला. मी मान खाली घालून सुपारी कातरत बसायचो. सगळ्यांना वाटायचं, गहिवरलोय.

दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून मी सोलापूरला, जुळे सोलापूर भागात राहायला आलो. यंदा भाद्रपदात मल्लूच्या छातीत कळा आल्या. बायपास करायची ठरली, दिवाळीनंतर लगेच. त्याची एकुलती मुलगी पल्लवी जर्मनीत नोकरीला आहे. तिला त्यानं काहीही कळू दिलं नव्हतं.

“तिला सांगायला नको का रे?” मी म्हणालो.

“कशाला? नवीन काम लागलंय पोरीला. अप्पांनी तुला बोलावलं व्हतं का? मग मी का बोलावू? आपल्या घरात ती पद्धत न्हाय.”

पद्धत. माझ्या खोटेपणाची घरात पद्धत झाली होती.

मग पुण्यस्मरणाचा दिवस आला. मल्लूला जिना उतरायची बंदी. तो म्हणाला, “अण्णा, यंदा तू एकटाच जाऊन ये. बेल, भस्म, फुलं ठेव, आणि फोटो काढून आण. मला तेवढंच दर्शन.” त्याच्या बायकोनं हातात पिशवी दिली. वर झेंडू होता.

रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत गेलो. दर वर्षी यायचो, पण मल्लूच्या पाठीमागं, त्याची पाठ बघत. “माझ्यावर सिमेंट ओतू नका,” असं अप्पांनी सांगून ठेवलेलं, त्यामुळं ओटा नाही, नाव नाही. नुसती माती. पावसानं गवत कमरेपर्यंत आलं होतं. बाभळीपासून इकडं की तिकडं? रखवालदार लांबून ओरडला, “कोण पायजे?”

“वडील.”

“कुटं ठेवलंय ते ठावं न्हाय व्हय?”

मी हात हलवला, म्हणजे आहे ठाऊक. एका उंचवट्यापाशी गवत उपटलं, पिशवी रिकामी केली, हात जोडले, फोटो काढला. तो कडवट वास बोटांना लागला आणि मला दोन्या लुपे आठवल्या. न पाहिलेल्या बहिणीच्या दगडावर सहज टेकलेला त्यांचा हात.

मल्लूनं पलंगावर पडल्या पडल्या फोटो पाहिला. मोठा करून पाहिला. मग हसला. “अण्णा, ही अप्पांची जागा न्हाय की. भलत्याच कुणाला तरी फुलं वाहून आलास बघ.” आणि माझा चेहरा पाहून घाईनं म्हणाला, “असू दे, असू दे. तुला कसं ठावं असणार? तू तवा कामावर हुतास.”

त्यानं रागावून म्हटलं असतं तर मी आजही गप्प बसलो असतो.

“मल्लू, मी कामावर नव्हतो.”

फोनमध्ये तो होडीतला फोटो अजून होता. का पुसला नाही, माहीत नाही. काढून त्याच्या हातात दिला. काम कधी संपलं, होडी, रेडिओ, सगळं सांगितलं. मल्लूची बायको दारात चहा घेऊन आली होती, ती तशीच मागं फिरली.

मल्लू पुष्कळ वेळ फोटो बघत होता. दोन बोटांनी माझा चेहरा मोठा केला.

“हे फोनच्या आधीचं का नंतरचं?”

“आधीचं. एखादा मिनिट.”

“लई खुशीत हायस की.” त्याच्या आवाजात चीड नव्हती. तो नीट निरखत होता. “अप्पांनी तुला असं हसताना कदी बघितलं न्हाय. मी बी न्हाय बघितलं.”

मी फोनसाठी हात पुढं केला.

“मी तितं त्यांच्या छातीला मलम चोळलालतो, अण्णा. अन् पोरास्नी सात वर्सं सांगलालो, अण्णासारखं व्हा.”

त्यानं फोन माझ्याकडं दिला नाही, पलंगावर उलटा ठेवला. मग बायकोला हाक मारली. “पल्लवीला फोन लाव. म्हणावं, बापाचं ऑपरेशन हाय. ये.” आणि भिंतीकडं तोंड करून मला म्हणाला, “तू आता घरी जा.”

पल्लवी चौथ्या दिवशी आली. मल्लू माझ्याशी बोलत नाही. विचारलं तर हो-नाही करतो. ऑपरेशन परवावर आलं आहे. काल त्यानं तिला जवळ बसवून अप्पांची जागा सांगितली. मी खोलीतच होतो, पण तो तिच्याकडंच बघून बोलत होता. “फाटकातनं सरळ. मोठ्या बाभळीला उजव्या हातावर ठेव. पाण्याच्या टाकीकडं तोंड कर अन् अकरा पावलं चाल. माझी पावलं न्हाय, तुझी. मोजून ठेव. पुढं तुलाच लागतील.”

उठताना ती म्हणाली, “दोड्डप्पा, तुम्ही पण चला की.” आमच्यात थोरल्या चुलत्याला दोड्डप्पा म्हणतात. मल्लू नको म्हणाला नाही. मी निघालो.

फाटकाबाहेर मीच फुलं घेतली. सात वर्षांनी हातानं निवडून झेंडू घेतला. आत ती पुढं, मी मागं. बाभळीपाशी थांबली, टाकीकडं वळली, ओठांत मोजत गवतातून चालत गेली. मी चार दिवसांपूर्वी वाहिलेली फुलं डाव्या हाताला, बरीच लांब, कुणाच्या तरी मातीवर काळी पडून वाळली होती. ती अकराव्या पावलाला थांबली, खाली बघितलं, आणि मागं वळली.

“हीच का हो जागा, दोड्डप्पा?”

हो म्हणणं किती सोपं होतं.

“मला ठाऊक नाही, पल्लवी,” मी म्हणालो. “मी इथं नव्हतो.”